वसंतराव नाईक

वसंतराव फुलसिंग नाईक (जन्म : १ जुलै १९१३, गहुली, ता. पुसद, जि. यवतमाळ, मृत्यू : १८ ऑगस्ट १९७९, सिंगापूर) हे महाराष्ट्रातील राजकारणी व प्रशासक होते. ५ डिसेंबर १९६३ ते २० फेब्रुवारी १९७५ अशी सलग अकरा वर्षांहून अधिक काळ त्यांनी राज्याच्या मुख्यमंत्रिपदाची धुरा वाहिली. एवढा प्रदीर्घ काळ हे पद अन्य कोणाकडे राहिलेले नाही. विदर्भातील बंजारा तांड्यात जन्मलेले नाईक पुसद मतदारसंघातून १९५२ पासून सातत्याने विधानसभेवर निवडून गेले. राज्याला अन्नधान्यात स्वयंपूर्ण करणे आणि टंचाईच्या काळात हाताला काम देऊन माणसे जगवणे, या दोन गोष्टी त्यांच्या राजकारणाच्या केंद्रस्थानी होत्या. संकरित बियाण्यांचा प्रसार, कृषी विद्यापीठांची स्थापना, कापूस एकाधिकार खरेदी, १९७२ च्या दुष्काळातील मदतकार्य आणि रोजगार हमी योजना यांमुळे त्यांची कारकीर्द ओळखली जाते. त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कृषी दिन म्हणून पाळला जातो.

बालपण व शिक्षण

पूस नदीच्या खोऱ्यातील पुसद हा यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागातील तालुका आहे. डोंगराळ जमीन, मध्यम पाऊस आणि कापूस व ज्वारी ही मुख्य पिके, असे या भागाचे स्वरूप आहे. बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून दूरवर व्यापार करणाऱ्या बंजारा समाजाचा हा व्यवसाय रेल्वे व पक्क्या रस्त्यांमुळे एकोणिसाव्या शतकात बुडाला आणि त्यांचे अनेक तांडे विदर्भ व मराठवाड्यात शेतीकडे वळून स्थिरावले. वसंतरावांचे आजोबा चतुरसिंग राठोड यांनी अशाच रीतीने गहुलीचा तांडा वसवला. तांड्याच्या प्रमुखाला नाईक म्हणतात. तंट्यांचा निवाडा करणे, लग्नकार्ये ठरवणे आणि बाहेरच्या अधिकाऱ्यांशी बोलणी करणे ही त्याची कामे असत. या मानाच्या पदावरूनच पुढे कुटुंबाचे नाईक हे आडनाव रूढ झाले.

वडील फुलसिंग आणि आई होनूबाई यांच्या पोटी जन्मलेल्या वसंतरावांना लहानपणी हाजूसिंग या नावाने हाक मारीत. तांड्यात शाळा नव्हती. त्यामुळे प्राथमिक शिक्षणासाठी त्यांना आसपासच्या निरनिराळ्या गावी राहावे व जावे लागले. माध्यमिक शिक्षणासाठी ते अमरावतीला गेले. पुढे नागपूरच्या मॉरिस महाविद्यालयातून १९३८ मध्ये त्यांनी बी.ए. ही पदवी मिळवली आणि १९४० मध्ये कायद्याची पदवी घेतली. बंजारा समाजात त्या काळी साक्षरता अत्यल्प होती. त्यामुळे तांड्यातील मुलाने वकील होणे ही घटना समाजाच्या दृष्टीने मोठी ठरली.

वकिली, विवाह आणि सार्वजनिक कार्याचा आरंभ

वकिलीचे प्रारंभीचे धडे त्यांनी अमरावतीस पंजाबराव देशमुख यांच्याकडे घेतले. शेतकऱ्यांचे कैवारी म्हणून विख्यात असलेले पंजाबराव पुढे स्वतंत्र भारताचे कृषिमंत्री झाले. शेतकऱ्याचा प्रश्न केवळ भावनेने न पाहता कायदा, कर्ज आणि बाजार यांच्या अंगाने पाहण्याची दृष्टी वसंतरावांच्या पुढील कामात दिसते. १९४१ च्या सुमारास त्यांनी पुसद येथे स्वतंत्र वकिली सुरू केली. सावकारी, जमिनीचे वाद आणि कुळांच्या तक्रारी घेऊन येणारी खेड्यांतील माणसे हे त्यांचे पक्षकार होते.

१६ जुलै १९४१ रोजी नागपूरच्या वत्सलाबाई घाटे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. वत्सलाबाई ब्राह्मण कुटुंबातील होत्या. या आंतरजातीय विवाहाला दोन्ही बाजूंनी प्रखर विरोध झाला, तरी दोघेही आपल्या निर्णयावर ठाम राहिले. वत्सलाबाईंनी पुढे पुसद परिसरातील सामाजिक कार्यात भाग घेतला. या दांपत्याला निरंजन व अविनाश हे दोन पुत्र झाले.

१९४३ ते १९४७ या काळात नाईक पुसद कृषी मंडळाचे अध्यक्ष होते. मागासवर्गीय विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांच्या कामातही ते सहभागी झाले. १९४६ मध्ये त्यांनी काँग्रेसमध्ये प्रवेश केला आणि त्याच वर्षी ते पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. हे पद त्यांनी १९५२ पर्यंत सांभाळले. पाणीपुरवठा, दिवाबत्ती, करवसुली यांसारखी कामे करताना मिळालेला अनुभव पुढे स्थानिक स्वराज्य संस्थांची रचना ठरवताना त्यांच्या उपयोगी पडला.

विधानसभेत प्रवेश

प्रौढ मताधिकारावर आधारलेली पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ मध्ये झाली. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेश राज्यात समाविष्ट होता आणि नागपूर ही त्या राज्याची राजधानी होती. नाईक पुसदमधून काँग्रेसतर्फे उभे राहिले व निवडून आले. या मतदारसंघात बंजारा समाज लक्षणीय असला तरी कुणबी-मराठा, आंध व इतर आदिवासी, दलित आणि मुस्लिम मतदारांची संख्याही मोठी होती. एका समाजाच्या बळावर येथे टिकून राहणे शक्य नव्हते. त्यामुळे नाईकांच्या प्रचाराचा भर प्रारंभापासून शेती, सिंचन, शिक्षण आणि महसुली अन्याय या सर्वांना समान असलेल्या प्रश्नांवर राहिला.

रविशंकर शुक्ल यांच्या मंत्रिमंडळात ते महसूल खात्याचे उपमंत्री झाले. मालगुजारी व तत्सम मध्यस्थ हक्क रद्द झाल्यानंतर जमिनीची नवी व्यवस्था लावण्याचा तो काळ होता. मध्य प्रदेशची जमीन महसूल संहिता १९५४ मध्ये संमत झाली. जमिनीचे अभिलेख, कूळहक्क आणि सारा यांविषयीची बारकाईची जाण नाईकांना या खात्यात आली.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला. यशवंतराव चव्हाण यांच्या मंत्रिमंडळात नाईकांकडे प्रथम सहकार व नंतर कृषी खाते देण्यात आले. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला जबर धक्का बसला; गुजरात, विदर्भ व मराठवाडा येथील जागांमुळे पक्षाची सत्ता टिकली. नाईकांनी या निवडणुकीत पुसदची जागा राखली. वेगळ्या विदर्भाची मागणी जोरात असतानाही त्यांनी मराठी भाषकांच्या एका राज्याची बाजू घेतली. या भूमिकेमुळे विदर्भवाद्यांचा रोष त्यांच्यावर कायम राहिला, परंतु चव्हाणांचा विश्वासही त्यांनी याच भूमिकेतून संपादन केला.

महसूलमंत्री आणि पंचायत राज

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले आणि नाईक महसूलमंत्री झाले. त्यांच्या कार्यकाळात शेतजमिनीच्या कमाल धारणेवर मर्यादा घालणारा १९६१ चा कायदा झाला व तो २६ जानेवारी १९६२ पासून अमलात आला.

याच सुमारास लोकशाही विकेंद्रीकरणाचा विचार करण्यासाठी शासनाने नाईकांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. २७ जून १९६० रोजी नियुक्त झालेल्या या समितीने १५ मार्च १९६१ रोजी अहवाल सादर केला. त्यात २२६ शिफारशी होत्या. देशपातळीवर बलवंतराय मेहता समितीने तालुका किंवा गट हा विकेंद्रीकरणाचा मुख्य आधार मानला होता. नाईक समितीने मात्र जिल्हा हे केंद्र ठरवले. कारण योजना आखणे, तज्ज्ञ अधिकारी नेमणे आणि पुरेसा निधी हाताळणे हे जिल्ह्याच्या पातळीवरच शक्य होते, असे समितीचे मत होते. जिल्हा परिषदेत आमदार व खासदार सदस्य नसावेत, जिल्हाधिकारी परिषदेबाहेर असावा आणि परिषदेसाठी स्वतंत्र मुख्य कार्यकारी अधिकारी असावा, या शिफारशीही महत्त्वाच्या होत्या. त्यांच्या आधारे महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ संमत झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला. प्राथमिक शाळा, दवाखाने, ग्रामीण रस्ते व कृषिविस्तार ही कामे या संस्थांकडे गेली. राज्यातील नेतृत्वाच्या पुढील अनेक पिढ्या याच संस्थांतून घडल्या.

मुख्यमंत्रिपद

चीनच्या आक्रमणानंतर नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि मारोतराव कन्नमवार मुख्यमंत्री झाले. २४ नोव्हेंबर १९६३ रोजी कन्नमवारांचे पदावर असतानाच निधन झाले. काही दिवस बाळासाहेब (पी. के.) सावंत यांनी कार्यभार पाहिला. त्यानंतर विधिमंडळ पक्षाने नाईकांची निवड केली आणि ५ डिसेंबर १९६३ रोजी त्यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली.

प्रबळ मराठा नेतृत्व असलेल्या पक्षात अल्पसंख्य भटक्या समाजातील नेत्याची निवड ही तडजोड समजली गेली होती. प्रत्यक्षात त्यांनी सर्व गटांना सांभाळून घेत आपले स्थान बळकट केले. शांत स्वभाव, रुबाबदार पेहराव, ओठांत पाइप आणि विरोधकांशीही मोकळेपणाने बोलण्याची रीत अशी त्यांची प्रतिमा होती. १९६७ च्या निवडणुकीत देशातील अनेक राज्यांत काँग्रेसची सत्ता गेली. महाराष्ट्रात मात्र पक्षाला २७० पैकी २०३ जागा मिळाल्या. मार्च १९७२ मध्ये ही संख्या २२२ वर पोहोचली. या दोन्ही निवडणुका पक्षाने नाईक मुख्यमंत्री असताना लढवल्या.

अन्नधान्याचा प्रश्न

नाईक मुख्यमंत्री झाले तेव्हा महाराष्ट्र अन्नधान्यात तुटीचे राज्य होते. शहरांत शिधापत्रिकेवर धान्य मिळत होते आणि त्यातील बराच भाग अमेरिकेतून आयात केलेल्या गव्हाचा होता. १९६५-६६ व १९६६-६७ या वर्षांत देशभर पाऊस कमी पडल्यामुळे परिस्थिती बिकट झाली. सरकारने ज्वारी व भाताची एकाधिकार खरेदी सुरू केली. या काळात पुण्यात शनिवारवाड्यासमोर झालेल्या सभेत नाईकांनी एक जाहीर आव्हान स्वीकारले. दोन वर्षांत राज्य अन्नधान्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण झाले नाही, तर आपल्याला फासावर चढवावे, असे त्यांनी सांगितले. हे विधान पुढे दीर्घकाळ त्यांच्या समर्थकांच्या आणि टीकाकारांच्याही तोंडी राहिले.

या उद्दिष्टासाठी त्यांनी संकरित बियाण्यांवर भर दिला. सी.एस.एच.-१ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण १९६४ मध्ये प्रसारित झाला होता. बियाणे, रासायनिक खत, कर्ज आणि विस्तार अधिकाऱ्याचा सल्ला एकत्रितपणे गावापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी जिल्हा परिषदांवर टाकण्यात आली. खरीप ज्वारीचे एकरी उत्पादन ज्या भागांत पाऊस व जमीन अनुकूल होती, तेथे लक्षणीय वाढले. मात्र नव्या वाणाला मर्यादाही होत्या. त्याचे ताट बुटके असल्याने जनावरांसाठी कडबा कमी मिळत असे, कापणीच्या वेळी पाऊस आल्यास दाणे काळे पडत आणि भाकरीची चव अनेकांना रुचत नसे. पिकांखालील जमिनीचा मोठा भाग पावसावर अवलंबून असल्यामुळे एका चांगल्या वाणाने राज्याचा प्रश्न सुटणार नव्हता.

त्यामुळे पाणी आणि संशोधन या दोन्ही दिशांनी काम हाती घेण्यात आले. गोदावरीवरील जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली. विहिरी, पंपांचे विद्युतीकरण आणि लघुपाटबंधारे यांना चालना मिळाली. राहुरी येथे १९६८ मध्ये, अकोला येथे १९६९ मध्ये आणि परभणी व दापोली येथे १९७२ मध्ये कृषी विद्यापीठे सुरू झाली. पहिले विद्यापीठ राहुरीला देण्याच्या निर्णयाविरुद्ध विदर्भात तीव्र आंदोलन झाले होते. यवतमाळचेच आमदार जांबुवंतराव धोटे त्यात अग्रभागी होते. एकाच जिल्ह्यातून आलेल्या या दोन नेत्यांत विदर्भाच्या प्रश्नावर कायमचा विरोध राहिला. सत्तेत राहून विदर्भाला वाटा मिळवावा, ही नाईकांची भूमिका होती. वेगळे राज्य झाल्याशिवाय न्याय मिळणार नाही, अशी धोटे यांची भूमिका होती.

कापूस एकाधिकार खरेदी

विदर्भातील शेतकऱ्याचे मुख्य नगदी पीक कापूस होते. हंगामाच्या प्रारंभी व्यापारी भाव पाडीत आणि कर्ज फेडण्याची घाई असलेला शेतकरी मिळेल त्या भावाने कापूस विकून मोकळा होई. यावर उपाय म्हणून १९७१ मध्ये कायदा करून १९७२-७३ च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू करण्यात आली. राज्यातील सर्व कापूस शासनाच्या वतीने सहकारी पणन महासंघ खरेदी करील, शेतकऱ्याला हमीभाव मिळेल आणि रुई व सरकी विकून नफा उरल्यास त्याचा वाटा नंतर दिला जाईल, असे तिचे स्वरूप होते.

या योजनेने भावाच्या चढउतारापासून लहान शेतकऱ्याचे काही प्रमाणात रक्षण केले. ग्रेड ठरवण्यातील तक्रारी, चुकाऱ्यास होणारा विलंब आणि खुल्या बाजारात भाव अधिक असताना शेजारच्या राज्यांत चोरून जाणारा कापूस या अडचणीही तिच्या वाट्याला आल्या. वाढत्या तोट्यामुळे एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी तिचे एकाधिकार स्वरूप संपुष्टात आले.

१९७२ चा दुष्काळ

मार्च १९७२ मध्ये मोठे बहुमत मिळाल्यानंतर तीनच महिन्यांत नाईकांच्या शासनापुढे सर्वांत कठीण प्रसंग उभा राहिला. १९७० पासून पावसाने ओढ दिलेलीच होती. १९७२ चा पावसाळा जवळजवळ संपूर्ण वाया गेला. अहमदनगर, सोलापूर, बीड, उस्मानाबाद, औरंगाबाद, पुणे, सांगली, सातारा या जिल्ह्यांत पिके करपली, विहिरी आटल्या, गुरे मातीमोल भावाने विकली गेली. राज्यातील धान्योत्पादन निम्म्याच्या आसपास घसरले. अन्नस्वावलंबनाचे आव्हान स्वीकारणाऱ्या मुख्यमंत्र्यालाच पुन्हा बाहेरून धान्य मागावे लागले. केंद्राकडील साठे अपुरे होते आणि प्रत्यक्ष पुरवठा गरजेपेक्षा कमी होत होता. अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी शिधावाटप दुकानांतून विकण्यात आली. त्या पिढीतील खेड्यांच्या आठवणीत तिचे नाव अद्याप टिकून आहे.

फुकट धान्य वाटण्यापेक्षा काम देऊन मजुरी देण्याचे धोरण शासनाने स्वीकारले. पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती, रस्ते आणि खडी फोडणे अशी दुष्काळी कामे गावोगाव उघडण्यात आली. मे १९७३ मध्ये या कामांवरील मजुरांची संख्या सुमारे ५० लाखांवर गेली. त्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे होते. कामाच्या ठिकाणी पाळणाघरे, पिण्याचे पाणी आणि सुकडी नावाचे पौष्टिक खाद्य देण्याची व्यवस्था करण्यात आली, तर जनावरांसाठी छावण्या उघडण्यात आल्या. नाईक व त्यांचे सहकारी दुष्काळी भागांत सतत दौरे करीत होते. जिल्हाधिकारी व जिल्हा परिषदा यांना निर्णयाचे व्यापक अधिकार देण्यात आले होते.

हे सर्व केवळ शासनाच्या सदिच्छेने घडले नाही. मजुरी वेळेवर मिळावी, मोजमाप न्याय्य असावे व कामे बंद करू नयेत, यांसाठी डाव्या पक्षांनी व शेतमजुरांच्या संघटनांनी मोर्चे काढले आणि दुष्काळी कामांवर संप झाले. मुंबईत मृणाल गोरे व अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली महिलांनी महागाईविरोधात लाटणे मोर्चे काढले. विधिमंडळात विरोधकांनी सरकारला धारेवर धरले. विरोधकांचा हा दबाव आणि प्रशासनाची तयारी या दोन्हींमुळे मदतकार्याची व्याप्ती वाढत गेली. कुपोषण, आजार आणि स्थलांतर यांची झळ गरिबांना सोसावी लागली. तथापि पूर्वीच्या दुष्काळांत झाले त्या प्रमाणावर भूकबळी झाले नाहीत. दुष्काळ निवारणाचे अभ्यासक यामुळेच महाराष्ट्राचे हे उदाहरण जगभर अभ्यासतात.

रोजगार हमी योजना

दुष्काळी कामांच्या अनुभवातून जी व्यवस्था कायम झाली, ती रोजगार हमी योजना होय. तिची मूळ कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची होती. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर येथे १९६५ मध्ये तिचा प्रयोग करण्यात आला होता. नाईकांच्या शासनाने १९७२ मध्ये ती राज्यव्यापी योजना म्हणून जाहीर केली. दुष्काळात तातडीच्या टंचाई कामांनी तिची जागा घेतली आणि दुष्काळ ओसरल्यावर तिला पुन्हा गती देण्यात आली.

ग्रामीण भागातील कोणत्याही प्रौढ व्यक्तीने अंगमेहनतीचे काम मागितल्यास ते देण्याचे बंधन शासनावर असावे, हे योजनेचे मूलतत्त्व होते. ठराविक मुदतीत काम न दिल्यास बेकारी भत्ता देण्याची तरतूदही त्यात होती. खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर लावण्यात आला. शहरातील नोकरदार व व्यावसायिक यांच्याकडून घेतलेल्या या कराला राज्याचा वाटा जोडून खेड्यातील मजुरांना काम पुरवण्याची ही व्यवस्था होती. १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमी कायदा केला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. अशा प्रकारे मदत मिळणे हा शासनाच्या कृपेचा भाग न राहता कायदेशीर हक्क झाला. २००५ मध्ये संसदेने केलेल्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यामागे महाराष्ट्राचा हाच अनुभव होता.

उद्योग, मुंबई आणि टीका

नाईकांच्या कारकिर्दीत औद्योगिक वसाहतींचा मुंबई-पुण्याबाहेर विस्तार झाला. मुंबईवरील लोकसंख्येचा भार कमी करण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर उभारण्याचा निर्णय झाला आणि त्यासाठी मार्च १९७० मध्ये सिडको ही संस्था स्थापन झाली. नव्या मुंबईसाठी जमिनी गेलेल्या आगरी-कोळी शेतकऱ्यांचा असंतोष आणि बॅकबे येथील भरावाच्या भूखंडांचे वाटप, हे त्यांच्या शासनावरील टीकेचे विषय ठरले.

१९६६ मध्ये स्थापन झालेल्या शिवसेनेबाबत त्यांचे धोरण मवाळ असल्याचा आरोप सातत्याने झाला. मुंबईतील साम्यवादी कामगार संघटनांचे बळ कमी करण्यासाठी सरकारने या संघटनेला मोकळीक दिली, असे टीकाकारांचे म्हणणे होते. त्यावरून तिला उपहासाने वसंतसेना असेही म्हटले गेले. जानेवारी १९७४ मध्ये वरळीत झालेल्या दंगलीत दलितांवर झालेले हल्ले व पोलिसांची भूमिका यांमुळेही सरकारवर कठोर टीका झाली. कमाल जमीनधारणा कायद्यातील पळवाटा आणि सहकारी साखर कारखानदारीला मिळालेले झुकते माप, हे आक्षेपही अभ्यासकांनी नोंदवले आहेत.

राजीनामा, लोकसभा आणि निधन

१९६९ मधील काँग्रेसच्या फुटीत नाईक इंदिरा गांधी यांच्या बाजूने राहिले होते. तरी दुष्काळानंतरची महागाई, पक्षांतर्गत गटबाजी आणि नेतृत्वबदलाची मागणी यांमुळे त्यांचे स्थान डळमळीत झाले. २० फेब्रुवारी १९७५ रोजी त्यांनी राजीनामा दिला आणि मराठवाड्यातील शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. आणीबाणीनंतर मार्च १९७७ मध्ये झालेल्या निवडणुकीत काँग्रेसची देशभर पीछेहाट झाली. तरीही नाईक वाशीम मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. परदेश दौऱ्यावर असताना १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले.

वारसा

नाईकांचे पुतणे सुधाकरराव नाईक १९९१ ते १९९३ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. पुसद मतदारसंघावर नाईक कुटुंबाचा प्रभाव पुढेही टिकून राहिला. परभणीच्या कृषी विद्यापीठाला २०१३ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दी वर्षात, वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ असे नाव देण्यात आले. यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठीचे विकास महामंडळ यांनाही त्यांचे नाव आहे. बंजारा समाजात शिक्षणाचा प्रसार आणि राजकीय आत्मविश्वास वाढण्यात त्यांच्या उदाहरणाचा मोठा वाटा मानला जातो.

त्यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना एक विसंगती नेहमी पुढे येते. शेतीचा मुख्यमंत्री म्हणून ओळखल्या गेलेल्या नेत्याच्या अकरा वर्षांनंतरही विदर्भाचे सिंचन उर्वरित राज्याच्या मागेच राहिले. प्रादेशिक असमतोलाचा अभ्यास करणाऱ्या दांडेकर समितीने १९८४ मध्ये या अनुशेषाची मोजदाद केली. पुढे १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून यवतमाळ हा जिल्हा शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर चर्चेत आला. २००६ मध्ये केंद्र शासनाने विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत यवतमाळचा समावेश होता. कोरडवाहू कापूस, अपुरे सिंचन, कर्ज आणि बाजारभाव हे ते प्रश्न होते, ज्यांना तोंड देत नाईकांनी पुसदमध्ये वकिलीला व राजकारणाला प्रारंभ केला होता. आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या पुनर्वसनासाठी राज्य शासनाने स्थापन केलेल्या अभियानालाही वसंतराव नाईक शेती स्वावलंबन मिशन असेच नाव देण्यात आले आहे.